छायाचित्रांतील अतिप्रकाश

नागपूर जिल्ह्यांत, सावनेर तालुक्यांत, कन्हान नदीच्या कांठीं खापा नांवाचें गांव आहे. कोष्टी लोकांच्या विणकामासाठीं तें फार दिवसांपासून ओळखलें जातें, आणि जवळच्या गुमगांवच्या मँगनीजच्या खाणीमुळेंही त्याचें नांव लोकांच्या कानांवर असतें. वैशाखाच्या दुपारीं अशा गांवांत प्रकाशाचीं दोन अगदीं निराळीं राज्यें नांदत असतात. बाहेर नदीच्या पात्रांतील वाळू इतकी झळकते कीं, डोळे मिटून घ्यावेसे वाटतात; आणि आंत, विणकराच्या घरीं, खड्डामागाच्या खोलींत एका लहानशा खिडकींतून येईल तेवढाच काय तो उजेड.

अशा एखाद्या खोलींत, समजा, नागपुरास शिकणारा एक नातू सुट्टींत घरीं आला आहे. आजोबा मागावर बसले आहेत. पुढच्या वर्षीं माग चालेल कीं नाहीं याचा भरंवसा नाहीं, म्हणून नातू आपल्या डिजिटल कॅमेऱ्यानें त्यांचें एक छायाचित्र घेतो. पाठीमागच्या पडद्यावर पाहतो तों आजोबांचा चेहरा ठीक आला आहे, परंतु मागावर ताणलेलें पांढरें लुगडें म्हणजे नुसता एक चकाकता डाग! त्यांत ना सूत दिसत, ना वीण, ना कांठावरची नक्षी. संगणकावर हा दोष काढूं, अशी तो मनाची समजूत घालतो. पुढें संगणकावर तो डाग पांढऱ्याचा करडा होतो खरा; पण सूत कांहीं परत येत नाहीं. ज्या वस्तूसाठीं चित्र घेतलें, नेमकी तीच वस्तु चित्रांतून नाहींशी झालेली असते.

धंदेवाईक छायाचित्रकार अशा चित्राला ‘ओव्हर झालें’ असें म्हणतात. हा दोष नव्या यंत्राबरोबर आला असें पुष्कळांना वाटतें. वास्तविक छायाचित्रण जितकें जुनें, तितकाच हा दोषही जुना आहे. मात्र त्याचें स्वरूप काळाप्रमाणें पालटत आलें आहे, आणि तो पालट कसा झाला हें समजल्यावांचून त्याचा बंदोबस्त करणें कठीण जातें.

इ. स. १८३९ च्या ऑगस्ट महिन्याच्या १९ तारखेस पॅरिस येथें दागेर याची पद्धति जगापुढें मांडण्यांत आली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर आयोडिनची वाफ देऊन तो पत्रा कॅमेऱ्यांत ठेवावयाचा आणि नंतर पाऱ्याच्या वाफेनें चित्र उमटवावयाचें, अशी ती रीत होती. आरंभींची अडचण प्रकाश कमी पडण्याची होती. एका चित्राला कित्येक मिनिटें लागत, आणि माणूस तितका वेळ निश्चल बसणें शक्य नसे. तरी त्याही काळीं प्रकाशाचा अतिरेक होऊं शके, आणि तो ओळखण्याची खूण मोठी चमत्कारिक होती. पत्र्यावर प्रकाश फार पडला कीं, चित्रांतील अत्यंत उजळ भाग पांढरा न राहतां निळसर दिसूं लागे. त्या काळच्या कित्येक युरोपियन गृहस्थांच्या चित्रांत सदऱ्याच्या पांढऱ्या छातीवर निळी झांक दिसते, ती या कारणानें. पांढरें वस्त्र तेव्हांपासूनच छायाचित्रकाराची परीक्षा पाहत आलें आहे.

आपल्या प्रांतांत या कलेचें पाऊल लवकर पडलें. मुंबईंत १८५४ सालीं ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ ही संस्था स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें छायाचित्रणाचा वर्ग निघाला. प्रसिद्ध पंडित डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे स्वतः वैद्यकी करीत असून या कलेंतही निपुण झाले. हरिश्चंद्र चिंतामण यांनीं तर मुंबईंत छायाचित्रणाचा व्यवसायच थाटला. इंग्लंडांतही ही कला अजून बाल्यावस्थेंत असतांना मुंबईचे एतद्देशीय तरुण तिच्या मागें लागले होते, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

या लोकांच्या हातीं जी पद्धति आली ती कोलोडियनची. फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थानें ती १८५१ मध्यें प्रसिद्ध केली होती. कांचेवर कोलोडियनचा चिकट थर ओतावयाचा, ती कांच रौप्यक्षारांत बुडवून प्रकाशग्राही करावयाची, ओली आहे तोंच कॅमेऱ्यांत घालून चित्र घ्यावयाचें आणि ओली आहे तोंच धुवावयाची, असा सारा धांवपळीचा मामला होता. आपल्याकडील उन्हाळ्यांत कांच वाळण्यास वेळ लागत नाहीं. म्हणून तंबू, पाणी, रसायनें आणि नोकर यांचा लवाजमा छायाचित्रकाराबरोबर चाले. कॅमेऱ्याला आजच्यासारखी झडप नसे. भिंगावरचें झांकण काढावयाचें, मनांत आंकडे मोजावयाचे आणि झांकण परत लावावयाचें. किती आंकडे मोजावे, हें ऋतु, घटका, आकाश आणि समोरचा पदार्थ पाहून ठरे. प्रकाशमापक यंत्र म्हणजे छायाचित्रकाराचे डोळे आणि त्याची स्मरणशक्ति.

या कांचेचा आणखी एक स्वभाव होता. निळा प्रकाश तिला फार लवकर लागे आणि तांबडा जवळजवळ लागतच नसे. त्यामुळें जमिनीवरील झाडें व देवळें नीट उमटावीं इतका वेळ दिला कीं, आकाश हटकून ओव्हर व्हावें. एकोणिसाव्या शतकांतील बहुतेक देखाव्यांत आकाश कोऱ्या कागदासारखें दिसतें, ढगाचा मागमूस नसतो, त्याचें कारण हेंच. कांहीं हुशार कारागीर ढगांसाठीं दुसरी कांच थोडा वेळ उघडून घेत आणि छापतांना दोन्ही एकत्र करीत. आजच्या कॅमेऱ्यांत कमीअधिक प्रकाशाचीं दोन-तीन चित्रें जोडून एक चित्र बनविण्याची जी सोय असते, तिचें मूळ या जुन्या युक्तींत आहे.

अंधार आणि झळाळी यांची गांठ महाराष्ट्रांत कोठें पडत असेल तर ती लेण्यांत. मेजर रॉबर्ट गिल या लष्करी चित्रकाराची अजिंठ्याच्या भिंतींवरील चित्रांच्या प्रतिकृति करण्यासाठीं १८४४ मध्यें नेमणूक झाली. वर्षानुवर्षें खपून त्यानें तैलरंगांत प्रतिकृति केल्या. आणि त्यांतील बहुतेक लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें १८६६ च्या डिसेंबरांत आगीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. दरम्यान गिल छायाचित्रणाकडे वळला होता. फर्ग्युसनच्या विवेचनासह त्याच्या छायाचित्रांचा ग्रंथ १८६४ मध्यें लंडन येथें निघाला. लेण्यांत कॅमेरा लावणाऱ्या कोणाहीपुढें एकच पेंच उभा राहतो. आंतील खांब दिसावे म्हणून पुष्कळ वेळ द्यावा, तर दाराचें व खिडकीचें तोंड पेटल्यासारखें पांढरें होऊन तो पांढरेपणा आजूबाजूच्या दगडावरही पसरतो. दार सांभाळावें, तर खांब काळोखांत बुडतात. खापा येथील मागाच्या खोलींत नातवापुढें उभा राहिलेला पेंच नेमका हाच आहे. आगीनंतर गिलचीं छायाचित्रें मागें राहिलीं, यावरून एका चित्राच्या बऱ्यावाईटपणावर पुढील पिढ्यांचें किती अवलंबून असतें हेंही ध्यानांत येईल.

डॉ. मॅडॉक्स यानें १८७१ मध्यें जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कल्पना मांडली, आणि त्याच दशकाच्या अखेरीस अशा प्लेट इतक्या तीव्र झाल्या कीं, सेकंदाचा अंश पुरूं लागला. आंकडे मोजून झांकण काढणें-घालणें आतां शक्य राहिलें नाहीं. कमानीच्या जोरावर उघडझाप करणारी झडप, म्हणजे शटर, आवश्यक झाली. आणि अंदाजाच्या लहानशा चुकीनेंही प्लेट बिघडूं लागली. याच सुमारास हर्टर आणि ड्रिफील्ड हे दोन स्नेही इंग्लंडांत विडनेस येथील क्षारांच्या कारखान्यांत काम करीत होते. एक रसायनशास्त्रज्ञ, दुसरा अभियंता, आणि दोघांनाही छायाचित्रणाचा छंद. अंदाजावर चालणारी ही कला त्यांच्या शास्त्रीय मनाला पटेना. त्यांनीं प्लेटवर मोजून प्रकाश पाडला, उमटलेला काळेपणा मोजला, आणि त्या दोहोंचा संबंध दाखविणारी रेषा १८९० मध्यें प्रसिद्ध केली. ती रेषा आरंभीं हळूहळू वर चढते, मध्यें सरळ जाते आणि शेवटीं वळून सपाट होऊं लागते. सरळ भागांत प्रकाशाचे फरक चित्रांत जसेच्या तसे येतात. शेवटच्या वळणावर ते हळूहळू मिटत जातात.

हा ‘हळूहळू’ शब्द महत्त्वाचा आहे. नेगेटिव्हवर प्रकाश जास्त पडला तर ती जागा अधिक काळी होते. परंतु त्या काळेपणांतही बारीकसारीक भेद शिल्लक असतात. छापतांना कागदाला अधिक वेळ उजेड दिला कीं, ते भेद बाहेर येतात. नेगेटिव्ह फारच दाट झाली असेल तर ती पातळ करण्याचें द्रावणही हॉवर्ड फार्मर यानें १८८३ मध्यें दिलें होतें. म्हणून जुन्या पिढींतील छायाचित्रकारांचा नियम असा असे कीं, सावलींतील भाग उमटेल इतका प्रकाश द्यावा आणि उजेडाची चिंता काळोख्या खोलींत करावी. प्रकाश थोडा जास्त झाला तर नुकसान नाहीं. कमी पडला तर उपाय नाहीं. हा नियम इतका अंगवळणीं पडला होता कीं, पुढें काळ बदलल्यावर तोच अनेकांना भोंवला.

महाराष्ट्रांत या प्रकाशविद्येचा कळस चित्रपटाच्या उद्योगांत झाला. धुंडिराज गोविंद फाळके यांनीं बडोद्याच्या कलाभवनांत छायाचित्रणाचें शिक्षण घेतलें होतें आणि गोध्रा येथें त्यांनीं त्याचा धंदाही करून पाहिला होता. १९१२ मध्यें लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणल्यावर त्यांनीं कुंडींतील वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली. दिवसांमागून दिवस घेतलेलीं चित्रें सलग दाखविलीं म्हणजे अंकुर वर येतांना दिसावा, अशी ती योजना. अशा कामांत प्रत्येक चित्राला सारखाच प्रकाश मिळाला नाहीं तर पडद्यावर रोपाऐवजीं उजेडच नाचूं लागतो. त्यामुळें हा प्रयोग म्हणजे हाताची केवढी कसोटी होती हें सांगणें नको. पुढें १९१३ सालच्या मे महिन्यांत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. सूर्य हाच दिवा, हातानें फिरविलेला कॅमेरा, आणि फिल्म धुण्याचें काम घरांतच. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनीं फिल्मला छिद्रें पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतचीं कामें शिकून घेतलीं. कोल्हापुरास बाबुराव पेंटर यांनीं स्वदेशीं बनविलेल्या कॅमेऱ्यावर १९२० मध्यें ‘सैरंध्री’ काढला. या सर्वांना उन्हाची पारख अनुभवानेंच आली होती.

ही पारख यंत्राच्या स्वाधीन होण्याचा प्रारंभ १९३२ च्या सुमारास झाला. प्रकाश पडतांच वीज उत्पन्न करणाऱ्या घटकाचें मापक वेस्टन कंपनीनें त्या वर्षीं बाजारांत आणलें. कालांतरानें हें मापक कॅमेऱ्याच्या पोटांतच बसलें आणि छायाचित्रकाराला विचार करण्याचें कारण उरलें नाहीं, असा समज रूढ झाला. पण मापकाला पुढचा पदार्थ काय आहे हें कळत नाहीं. जग सरासरीनें मध्यम करड्या रंगाचें, म्हणजे शंभर भाग प्रकाश पडला तर सुमारें अठरा भाग परत फेंकणारें आहे, एवढेंच गृहीत धरून तें चालतें. कन्हानच्या वाळवंटांत नेलें तर ‘उजेड फार आहे’ असें समजून तें प्रकाश कमी करतें आणि पांढरी वाळू मळकट दिसते. मागाच्या अंधाऱ्या खोलींत नेलें तर ‘उजेड फारच थोडा आहे’ असें समजून तें प्रकाश वाढवितें. आणि खिडकीजवळचें लुगडें जळून जातें. एकच यंत्र, एकच गांव, एकच दुपार. आणि दोन उलट चुका. या चुकांना यंत्राची बिघाड म्हणतां येत नाहीं. तें आपल्या समजुतीप्रमाणें अगदीं बरोबर वागत असतें.

आतां डिजिटल कॅमेऱ्याकडे वळावें. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनीं १९६९ मध्यें प्रकाशाचें विजेच्या भारांत रूपांतर करून तो सांठविणाऱ्या चकतीची कल्पना काढली; या कार्याबद्दल २००९ मध्यें त्यांस नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन यानें १९७५ मध्यें अशी चकती बसवून पहिला हातांत धरतां येण्याजोगा डिजिटल कॅमेरा तयार केला. त्यांत शंभर ओळी व शंभर रकाने, म्हणजे दहा हजार बिंदु होते. आणि एक चित्र कॅसेटवर उतरावयास २३ सेकंद लागत.

या चकतीचें काम समजण्यास अंगणांतील पावसाचा दाखला पुरे. अंगणांत हजारों लहान वाट्या मांडल्या आहेत आणि पाऊस पडतो आहे. पाऊस थांबल्यावर प्रत्येक वाटींत किती पाणी सांठलें तें मोजून लिहून ठेवावयाचें. जोंवर वाटी भरलेली नाहीं तोंवर हिशेब चोख; परंतु एकदां ती कांठोकांठ भरली कीं, मग आणखी चार थेंब पडले काय आणि चार घागरी पडल्या काय, वहींत आंकडा एकच. नेहमींच्या चित्रांत हा आंकडा शून्यापासून २५५ पर्यंत असतो. सुताचा धागा आणि दोन धाग्यांमधील फट या दोन्ही ठिकाणीं २५५ लिहिलें गेलें, तर त्यांतील भेद जगांतील कोणताही संगणक सांगूं शकणार नाहीं. कारण तो लिहिलाच गेलेला नाहीं. नेगेटिव्हची रेषा हळूहळू वळत होती. येथें ती एकदम तुटते. जुन्या पिढीचा नियम त्यामुळें उलटा झाला. सावली थोडी काळी राहिली तर ती मागून उजळतां येते. पांढरा भाग एकदां गेला तो गेला. १९३५ नंतर कोडाक्रोमसारख्या पारदर्शक रंगीत फिल्मवर काम करणाऱ्यांना हा उलटा नियम आधींच ठाऊक होता. डिजिटल कॅमेऱ्यानें तो घराघरांत आणला.

निदान हें औषधाच्या आधीं करावें लागतें. चित्रें पांढरीं पडूं लागलीं म्हणजे प्रथम हें पाहावें कीं, सर्वच चित्रें बिघडतात कीं कांहींच. कांहींच बिघडत असतील, आणि तीं काळोख्या पार्श्वभूमीचीं असतील, तर दोष मापकाच्या समजुतीचा आहे. अशा वेळीं प्रकाश मुद्दाम कमी करण्याची जी खूण कॅमेऱ्यावर अधिक-उण्याच्या चिन्हांनीं दिलेली असते, ती उण्याकडे एक घर सरकवावी; अथवा मापक एका बिंदूपुरतें मर्यादित करून पांढऱ्या कापडाच्या जवळच्या भागावर रोखावें आणि आंकडे पाहून सुधारावे. पडद्याच्या तेजावर विश्वास ठेवूं नये, कारण अंधाऱ्या खोलींत पडदा फार उजळ आणि उन्हांत फार मंद दिसतो. त्याऐवजीं हिस्टोग्राम नांवाचा आलेख पाहावा. त्याचा डोंगर उजव्या भिंतीस टेंकून तुटला असेल तर वाट्या भरून वाहिल्या असें समजावें. बऱ्याच कॅमेऱ्यांत जळलेला भाग लुकलुकून दाखविण्याचीही सोय असते. चित्र ‘रॉ’ स्वरूपांत ठेवलें तर थोडासा भाग वांचण्याचा संभव असतो. कारण तांबडा, हिरवा व निळा या तीन रंगांपैकीं एखादा रंग भरून वाहिला तरी उरलेल्यांत कांहीं माहिती शिल्लक राहते. तिन्ही भरले असतील तर मात्र आशा सोडावी.

सर्वच चित्रें पांढरीं पडत असतील तर आधीं माणसाची चूक शोधावी. रात्रीं लग्नमंडपांत संवेदनशीलता वाढवून ठेवली आणि सकाळीं ती तशीच राहिली, अधिकाचें चिन्ह मागील वेळचें तसेंच राहिलें, किंवा सर्व आंकडे हातानें ठरविण्याचा प्रकार चालू राहिला, असें पुष्कळदां घडतें. कॅमेऱ्याची मूळ मांडणी परत आणून उन्हांत एक परीक्षा घ्यावी. तिला जुन्या लोकांचा एक सोपा नियम उपयोगी पडतो : स्वच्छ उन्हांत संवेदनशीलता १०० असतां भिंगाचें छिद्र १६ या आंकड्यावर आणि वेळ सेकंदाचा शंभरावा भाग ठेवावा. याप्रमाणें घेतलेलेंही चित्र पांढरें आलें तर दोष यंत्रांत आहे. कळ दाबण्यापूर्वीं पडद्यावरचें दृश्य ठीक, परंतु टिपलेलें चित्र पांढरें, आणि त्यांत आडव्या रेघा. अशीं लक्षणें बाहेर उन्हांत तीव्र व घरांत सौम्य असतील, तर लहान कॅमेऱ्यांत बहुधा झडप अडकलेली असते. ती वेळेवर बंद होत नाहीं, आणि वाट्या मोजल्या जात असतांनाही पाऊस पडतच राहतो. छिद्र लहानमोठें करणारीं पातीं अडकलीं तरी उन्हांतील चित्रें अशींच जातात. हें काम कारागिराचें आहे. घरीं स्क्रू उघडून बसण्यांत लाभ नाहीं, आणि फ्लॅशच्या सांठ्यांतील विजेचा धक्काही बसण्याचा संभव असतो.

एवढा खटाटोप एका चित्रासाठीं कां करावा, असें कोणी विचारील. याचें उत्तर खाप्याच्या त्या खोलींतच आहे. विदर्भांतील हातमाग पूर्वीइतके राहिलेले नाहींत. आजोबांच्या बोटांना कांठ कसा भरावा हें ठाऊक आहे. पण तें त्यांनीं कोठें लिहून ठेवलेलें नाहीं. धागे कसे चालले, पट्टी कोठें फिरली, दोन रंगांची गांठ कशी पडली, हें ज्या कापडावर दिसावयाचें तेंच कापड चित्रांत कोरें राहिलें, तर पुढच्या पिढीला एक म्हातारा गृहस्थ कांहीतरी करीत बसलेला दिसेल. तो काय करीत होता हें दिसणार नाहीं. अजिंठ्याच्या प्रतिकृति आगींत गेल्या; येथें तर वस्तु समोर असतांना ती केवळ अधिक उजेडानें जाते.

आणि उपाय तरी केवढासा? नातवानें खिडकीवर एखादें पातळ धोतर पसरावें, म्हणजे तीव्र कवडसा मंद होईल. उण्याकडे एक-दोन घरें सरकून पुन्हां कळ दाबावी. आजोबांचा चेहरा थोडा सांवळा येईल, खोली काळोखी वाटेल. तें मागून उजळतां येतें. कापडावरचा धागा न् धागा मात्र जागच्या जागीं राहील. एल्फिन्स्टनच्या वर्गांतील तरुण भिंगावरचें झांकण हातांत धरून आंकडे मोजीत उभे राहत, तेव्हां त्यांचें लक्ष यंत्राकडे थोडें आणि समोरच्या उजेडाकडे फार असे. झांकण गेलें, आंकडे मोजणेंही गेलें. कळ दाबण्यापूर्वीं समोरचा उजेड क्षणभर पाहण्याची ती संवय तेवढी राहिली, तर आजोबांचें लुगडें वांचेल.